बँटिंगसाहेबांनी पाव सोडला

दिवाळी तोंडावर आली की घरोघर कढईच्या चरचरीबरोबर आणखी एक वाक्य ऐकू येऊ लागते. "मला अर्धीच करंजी वाढा हं, मी गोड सोडलंय!" कोणी गोड सोडलेले असते, कोणी भात, कोणी बटाटा, तर कोणी तूप. 'सोडणे' हे क्रियापद आपल्या हाडीमाशी खिळलेले आहे. काशीयात्रेला गेलेला माणूस एखादे आवडते फळ किंवा भाजी तिथे सोडून येई आणि पुढे जन्मभर तिला शिवत नसे. चातुर्मासात कांदा, लसूण, वांगे सोडणारी घरे आजही आहेत. त्या सोडण्यापाठीमागे पुण्याची आशा असे. आजच्या सोडण्यापाठीमागे वजनाचा काटा असतो, एवढाच काय तो फरक.

परंतु एक पदार्थ पानातून काढून टाकला म्हणजे अंगावरचा मेद खरोखरच उतरतो काय? हा प्रश्न वाटतो तेवढा नवा नाही. दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी लंडनमधल्या एका वयस्क गृहस्थांनी तो स्वतःच्या देहावर सोडवून पाहिला, आपले उत्तर छापून लोकांत वाटले, आणि त्या उत्तराने डॉक्टरांपासून व्यंगपत्रांपर्यंत सर्वांना कामाला लावले. त्या गृहस्थांचे नाव विल्यम बँटिंग. (मधुमेहावरील इन्सुलिनच्या १९२१ सालच्या शोधाशी ज्यांचे नाव जोडले गेले आहे, ते फ्रेडरिक बँटिंग वेगळे.) या बँटिंगसाहेबांची हकीकत मोठी मौजेची आहे, पण नुसती मौज म्हणून ती सांगावयाची नाही. आज घराघरात जे 'सोडणे' चालले आहे त्याची कुळकथा तिच्यात आहे, आणि त्यात नेमके काय खरे व काय अर्धेच खरे, तेही तिच्यावरून उलगडते.

बँटिंगसाहेबांचा धंदा अंत्यविधीची व्यवस्था करण्याचा. आपल्याकडे हे काम आप्तेष्ट आणि शेजारीपाजारी करतात. विलायतेत त्याच्या पिढीजात पेढ्या असतात. बँटिंग घराण्याची पेढी लंडनच्या सेंट जेम्स स्ट्रीटवर होती आणि ती साधीसुधी नव्हती. राजेरजवाड्यांच्या अंत्ययात्रा तिच्याकडे असत. १८५२ साली ड्यूक ऑफ वेलिंग्टनची आणि १८६१ साली व्हिक्टोरिया राणीचा पती प्रिन्स अल्बर्ट याची अंत्ययात्रा याच घराण्याने पार पाडली. अशा घरात पैशाला तोटा नव्हता, मानमरातबाला तोटा नव्हता. तोटा होता तो फक्त सुखाने वाकण्याचा!

कारण बँटिंगसाहेब ५ फूट ५ इंच उंचीचे, आणि ऑगस्ट १८६२ मध्ये, वयाच्या सहासष्टाव्या वर्षी, त्यांचे वजन भरले २०२ पौंड. आजच्या मापाने जवळजवळ ९२ किलो. त्यांना स्वतःच्या बुटांच्या नाड्या बांधता येत नसत. जिना उतरायचा तर गुडघ्या-घोट्यांवर भार पडू नये म्हणून ते पाठमोरे होऊन, एकेक पायरी चाचपत उतरत. थोडे चालले की धाप लागे. दृष्टी मंदावली होती, कानांनी नीट ऐकू येईनासे झाले होते. त्यांच्या आईबापांच्या कुळात कोणी स्थूल नव्हते. तरुणपणापासून आपण स्थूल होऊ नये अशी धास्ती ते बाळगून होते, तरी तिशीनंतर शरीर जे सुटू लागले ते थांबेचना.

त्यांनी हातपाय गाळले होते असे मात्र कोणी समजू नये. व्यायामाने मेद झडतो असे एका नामांकित वैद्याने सांगितले, तेव्हा ते रोज पहाटे दोन दोन तास नाव वल्हवू लागले. दंडात बळ आले ही गोष्ट खरी, पण त्याबरोबर भूकही अशी खवळली की वजन उतरण्याऐवजी वाढले. मग घोड्यावरची रपेट झाली. लेमिंग्टन, चेल्टनहॅम, हॅरोगेट येथल्या औषधी झऱ्यांचे पाणी पिऊन झाले. पन्नास तुर्की स्नाने झाली. त्या साऱ्या घामातून अवघे सहा पौंड गेले. औषधांचे तर घडेच्या घडे रिचवले. एका मोठ्या डॉक्टरने त्यांना असाही दिलासा दिला, की वयाबरोबर वजन वाढायचेच. मी स्वतःही तारुण्यात आल्यापासून दरसाल एकेक पौंडाने वाढत आलो आहे! रोग्याला बरे करता आले नाही म्हणजे रोगालाच स्वाभाविक ठरवणे, ही युक्ती कोणत्याही देशातल्या वैद्यांना सुचते.

अखेर १८६२ च्या ऑगस्टात ते गेले ते कानाच्या डॉक्टरकडे. ज्यांच्याकडे आधी दाखवीत होते ते कर्णवैद्य सुट्टीवर गेले, म्हणून दुसऱ्याचे दार ठोठावले. या दुसऱ्याचे नाव विल्यम हार्वे. दैव कधी कधी असे सुट्टीच्या रूपाने येते. हार्वे १८५६ साली पॅरिसला गेले होते, आणि तिथे क्लोद बर्नार या थोर शरीरशास्त्रज्ञाच्या संशोधनावरची चर्चा त्यांनी ऐकली होती. यकृत हे केवळ पित्त तयार करणारे इंद्रिय नसून ते शरीरासाठी साखर तयार करते व साठवून ठेवते, हा बर्नारचा शोध. मधुमेह्याला गोड व पिठूळ पदार्थ वर्ज्य करतात हे हार्वेंना ठाऊक होते. त्यांच्या मनात आले, की ज्या पदार्थांनी मधुमेह बळावतो त्याच पदार्थांनी मेदही वाढत असेल काय? समोर बसलेल्या गृहस्थांच्या कानांची तक्रार त्यांना कानांची वाटली नाही, मेदाची वाटली. त्यांनी थेंब घातले नाहीत. पाव, लोणी, दूध, साखर, बिअर आणि बटाटे या सहा जिनसा शक्य तितक्या टाळावयास सांगितल्या.

बँटिंगसाहेब बुचकळ्यात पडले. कारण याच तर त्यांच्या जगण्याच्या मुख्य वस्तू होत्या. सकाळी दूध-पाव, किंवा भरपूर दूध-साखरेचा चहा आणि लोणी फासलेला टोस्ट. दुपारी मांसाबरोबर बिअर, पाव व पेस्ट्री. संध्याकाळी पुन्हा सकाळसारखाच चहा. रात्री फळांचा टार्ट नाहीतर परत दूध-पाव. असा हा त्यांचा वर्षानुवर्षांचा परिपाठ. मराठी घरात एखाद्याला भात, पोळी, दूध, तूप, साखर आणि बटाटा सोड असे एका दमात सांगावे, तसेच हे झाले.

नवे पथ्य असे होते. न्याहारीला चार-पाच औंस मांस किंवा मासळी (डुकराचे मांस मात्र नाही), दूध-साखरेवाचून चहा आणि औंसभर कोरडा टोस्ट. मुख्य जेवणात पाच-सहा औंस मासळी किंवा मांस, बटाटा सोडून कोणतीही भाजी, पुन्हा औंसभर कोरडा टोस्ट, थोडे फळ, आणि दोन-तीन पेले क्लॅरेट. तिसऱ्या प्रहरी थोडी फळे व कोरा चहा. रात्री तीन-चार औंस मांस वा मासळी आणि पुन्हा एक-दोन पेले मद्य. म्हणजे दिवसभरात मांस-मासळी बारा ते पंधरा औंस, पाव अगदी नावाला, आणि मद्य मात्र आजचा कोणताही डॉक्टर डोक्याला हात लावील इतके! पण बिअर बंद झाली होती, आणि ते महत्त्वाचे ठरले.

आता परिणाम पाहा. २६ ऑगस्ट १८६२ रोजी २०२ पौंड असलेले वजन १२ सप्टेंबर १८६३ रोजी १५६ पौंड झाले होते. वर्षभरात ४६ पौंड, म्हणजे सुमारे २१ किलो वजन उतरले. आठवड्याला एक पौंडाहूनही थोडे कमीच, पण न चुकता. कमरेचा घेर १२ इंचांहून अधिक कमी झाला. बँटिंगसाहेब आता जिना सरळ तोंडाने उतरू लागले, स्वतःचे बूट स्वतः घालू लागले, आणि कानही पूर्ववत ऐकू लागले.

असे काही झाले की माणसाला ते चारचौघांना सांगितल्यावाचून राहवत नाही. १८६३ मध्ये त्यांनी स्थूलतेवर एक छोटीशी पुस्तिका लिहिली. तिला त्यांनी जनतेस लिहिलेले पत्र म्हटले आणि पहिल्या प्रती पदरमोड करून फुकट वाटल्या. मागणी इतकी वाढली की पुढे आवृत्त्या विकत द्याव्या लागल्या. जागोजागहून पत्रांचा पाऊस पडला. त्यांच्या आडनावाचे चक्क क्रियापद झाले. 'तुम्ही बँटिंग करता काय?' असे लोक एकमेकांना विचारू लागले. आजही स्वीडिश भाषेत वजन उतरवण्यासाठी आहार कमी करण्याला 'बांता' म्हणतात, ते याच आडनावावरून. अंत्यविधीची व्यवस्था करणाऱ्याचे नाव पोट कमी करण्याच्या विद्येला मिळावे, हा भाषेचाच एक विनोद म्हणायचा.

डॉक्टर मंडळींना मात्र हे रुचले नाही. एका बाजूने ते म्हणू लागले, की ज्याला वैद्यक ठाऊक नाही त्याने वैद्यक सांगू नये. दुसऱ्या बाजूने म्हणू लागले, की यात नवीन ते काय? दुसरा आक्षेप अगदीच खोटा नव्हता. ब्रिया-सावारँ या फ्रेंच न्यायाधीशाने, जो खाण्याचा मोठा रसिक होता, १८२५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात स्थूलतेचा ठपका पीठ आणि पिष्टमय पदार्थांवर ठेवलेलाच होता. परंतु हे सारे जुनेच होते, तर वीस-पंचवीस वर्षे दवाखान्यांची दारे झिजवणाऱ्या या माणसाला ते कोणी सांगितले का नाही, एवढ्या साध्या प्रश्नाचे उत्तर त्या टीकाकारांपाशी नव्हते.

इथपर्यंतची कथा ऐकून कोणीही म्हणेल, की मग झाले तर! पाव सोडला, वजन उतरले. भात सोडू, आपलेही उतरेल. पण खरी मेख पुढेच आहे. बँटिंगसाहेबांनी आपल्या पुस्तिकेत एक ठाम विधान केले होते. किती खावे हे भुकेवर सोडून द्या, काय खावे एवढेच सांभाळा, असा त्याचा आशय. म्हणजे दोष पदार्थाच्या जातीचा, मापाचा नव्हे. हे विधान पुढे शंभर वर्षे वादाचा विषय होऊन बसले.

या वादाचा एक पदर अमेरिकेत सापडतो. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी विल्बर ॲटवॉटर या शास्त्रज्ञाने माणसाला एका बंद खोलीत ठेवून, त्याने खाल्लेल्या अन्नातून किती उष्णता निघते हे मोजण्याचे यंत्र उभारले. तेव्हापासून अन्नाकडे उष्मांकांच्या, म्हणजे कॅलरीच्या, हिशेबाने पाहण्याची रीत पडली. या हिशेबात पाव, मांस, तूप सगळे एकाच वहीत मांडले जाते. जमा खर्चापेक्षा अधिक झाली की शिल्लक मेदाच्या रूपाने कमरेभोवती पडते. मग बँटिंगसाहेब भुकेवर सोपवून खात होते, तरी त्यांची शिल्लक कशी घटली?

याचे उत्तर शोधण्याचा प्रयत्न १९६० साली लंडनमध्येच झाला. जॉन युडकिन हे आहारशास्त्राचे प्राध्यापक ज्या कॉलेजात शिकवीत, ते केन्सिंग्टन भागात होते. बँटिंगसाहेबांचे उत्तरायुष्य गेले तेही केन्सिंग्टनमध्येच. युडकिन आणि त्यांच्या सहकारी केरी यांनी सहा माणसांना सांगितले, की पिठूळ व गोड पदार्थ कमी करा; मांस, अंडी, लोणी, चीज हवे तेवढे खा. मग त्या माणसांनी काय काय खाल्ले याचा काटेकोर हिशेब ठेवला. निघाले असे, की मोकळीक असूनही कोणी लोण्याचे डोंगर खाल्ले नाहीत. स्निग्ध पदार्थ साधारण पहिल्याइतकेच राहिले, पिठूळ पदार्थ गेले, आणि दिवसाचे एकूण उष्मांक प्रत्येकाचेच कमी झाले. भूक भागली होती, म्हणून कमी खाल्ल्याचे ध्यानातही आले नाही. त्या निबंधाच्या शीर्षकातच युडकिन यांनी सांगून टाकले, की कॅलरीचा हिशेब काही टळत नाही.

आता बँटिंगसाहेबांचे जुने पान पुन्हा डोळ्यांपुढे आणावे. पाव एकटा कधी पोटात जात नाही. त्याच्यावर लोणी असते, शेजारी दूध-साखरेचा चहा असतो, जेवणात त्याच्या सोबतीला बिअर आणि पेस्ट्री असते. पाव गेला म्हणजे ही सगळी वरात गेली. शिवाय मांस, मासळी, भाजी यांनी पोट लवकर भरते आणि उशिरा रिकामे होते. म्हणजे एक पदार्थ सोडला असे म्हणताना त्यांनी प्रत्यक्षात सबंध ताट बदलले होते. गुण आला तो त्या बदललेल्या ताटाचा. श्रेय मात्र गेले हद्दपार केलेल्या पावाला.

आणखी एक गोष्ट सांगून ठेवावी, कारण तिच्यामुळे पुष्कळांची फसगत होते. भात-पोळी बंद केली की पहिल्याच आठवड्यात एक-दोन किलो वजन उतरते आणि माणूस हरखून जातो. त्या उतारात मेदाचा वाटा थोडा असतो. यकृतात आणि स्नायूंत साखरेचा जो साठा असतो, ज्याचा शोध त्या क्लोद बर्नारनेच लावला, तो आपल्या वजनाच्या सुमारे तिप्पट पाणी धरून असतो. पीठ व साखर बंद झाली की तो साठा खर्ची पडतो आणि त्याबरोबर पाणीही जाते. चार दिवस पुन्हा भात खाल्ला की ते पाणी परत येते. आणि माणूस कपाळाला हात लावून म्हणतो, 'पाहा, भात खाल्ला आणि फुगलो!'

असो. एका पदार्थाला गुन्हेगार ठरवण्याची ओढ माणसाला सुटत नाही. पावाची पाळी झाल्यावर तुपा-लोण्याची आली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, हृदयविकाराच्या चिंतेतून, स्निग्ध पदार्थांवर संशय घेतला जाऊ लागला. १९७७ साली अमेरिकन सिनेटच्या एका समितीने लोकांना स्निग्ध पदार्थ कमी करण्याचा सल्ला दिला. त्याच समितीने साखरही कमी करा असे सांगितले होते, परंतु तेवढे बाजाराच्या कानांपर्यंत पोहोचले नाही. दुकाने चरबीविरहित बिस्किटांनी भरून गेली. चरबी काढली की चव जाते, म्हणून त्यांत साखर आणि पीठ घातलेले. आणि 'यात चरबी नाही' म्हणून लोक दोनाऐवजी सहा खात. दरम्यान १९७२ साली रॉबर्ट ॲटकिन्स या अमेरिकन डॉक्टरने पिठूळ पदार्थ सोडण्याचा मंत्र नव्याने दिला होता, आणि २०१३ नंतर दक्षिण आफ्रिकेत तोच मंत्र थेट 'बँटिंग' या नावानेच गाजला. लंबक एकदा पावाकडे, एकदा लोण्याकडे असा झुलत राहिला.

यात खरे कोण, याचा एक मोठा पडताळा २०१८ साली प्रसिद्ध झाला. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात क्रिस्टोफर गार्डनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ६०९ प्रौढ माणसे घेतली. निम्म्यांना स्निग्ध पदार्थ कमी करावयास सांगितले, निम्म्यांना पिठूळ व गोड पदार्थ. उष्मांक मोजा असे कोणालाच सांगितले नाही. परंतु साखर आणि मैदा टाळा, भाज्या भरपूर खा, घरी रांधलेले खा, हे दोन्ही गटांना सांगितले. बारा महिन्यांनी पाहतात तो पहिल्या गटाचे सरासरी वजन ५.३ किलोंनी उतरले होते आणि दुसऱ्याचे ६ किलोंनी. शास्त्राच्या दृष्टीने हा फरक फरकच नव्हे. मात्र त्या प्रत्येक गटाच्या आत माणसामाणसांत फार मोठे अंतर होते. कोणाचे वजन पुष्कळ उतरले, कोणाचे जागचे हलले नाही, कोणाचे तर चक्क वाढले. तात्पर्य, लोणी सोडणारा आणि पाव सोडणारा हे दोघेही एकाच मुक्कामी पोहोचू शकतात. आणि त्याच वाटेने निघालेला तिसरा अर्ध्यातूनही परत येतो.

मग आपल्या स्वयंपाकघरात याचा अर्थ काय होतो? भात सोडून पोळी धरणाऱ्यांची संख्या आपल्याकडे मोठी आहे. परंतु १०० ग्रॅम तांदूळ आणि १०० ग्रॅम कणीक यांचे उष्मांक जवळजवळ सारखेच, साडेतीनशेच्या आसपास. कणकेत कोंडा असतो, त्याने पोट थोडे अधिक वेळ भरलेले राहते, हा तिचा गुण खरा. पण भाताची मूद काढून तिच्या जागी तुपाचा हात लावलेल्या दोन पोळ्या अधिक घेतल्या, तर वहीत जमेचीच बाजू वाढेल. उपासाचे तर विचारूच नये. धान्य सोडले म्हणून आपण साबुदाण्याची खिचडी करतो. साबुदाणा म्हणजे कसावाच्या कंदाचे जवळजवळ निव्वळ पीठ. त्याचेही उष्मांक तांदळाइतकेच. त्यात दाण्याचे कूट, तूप, बटाटा, वर चवीला साखर! 'एकादशी अन् दुप्पट खाशी' ही म्हण ज्याने कोणी केली त्याने ना ॲटवॉटरचे यंत्र पाहिले होते, ना युडकिनचा निबंध वाचला होता. पण सोडण्यातले गणित त्याला पक्के कळले होते. काय सोडले हे अर्धेच गणित. त्याच्या जागी काय आले, हे उरलेले अर्धे.

आपल्या चरकसंहितेने हा विषय अधिक समंजसपणे मांडला आहे असे वाटते. सूत्रस्थानाच्या एकविसाव्या अध्यायात अतिस्थूल माणसाचा विचार आहे. मेद वाढण्याची कारणे तिथे एकामागून एक सांगितली आहेत: जड, गोड व स्निग्ध अन्न, व्यायामाचा अभाव, दिवसा झोपणे, सदैव आनंदात आणि निश्चिंत असणे, आणि बीजस्वभाव, म्हणजे आईबापांकडून आलेली प्रकृती. एकाच पदार्थाच्या माथी सारा दोष मारलेला नाही. उपाय म्हणून जे पचावयास जड पण पोषणास हलके असे अन्न द्यावे म्हटले आहे. जव, कुळीथ, मूग यांची नावे त्यात येतात. पोट भरावे, पण मेदाची भर पडू नये, हीच त्यातली दृष्टी. बँटिंगसाहेबांच्या मांसाने आणि भाजीने जे साधले, ते आपल्याकडे उसळी, कोशिंबिरी, पालेभाज्या आणि ताक यांनी साधू शकते, एवढा अर्थ त्यातून घेता येईल.

याचा अर्थ पदार्थ सोडणे व्यर्थ, असा मुळीच नाही. ज्याच्या दिवसात चार वेळा साखरेचा चहा, त्याबरोबर बिस्किटे, संध्याकाळी शेव-फरसाण आणि बाटलीतले गोड पेय आहे, त्याने ते सोडले आणि त्या जागी दुसरे तसेच काही आणले नाही, तर वजन उतरेल. 'थोडे थोडे सगळेच कमी खा' या सल्ल्यापेक्षा 'हे अमुक नको' असा एक सरळ नियम पाळणे माणसाला सोपे जाते, हेही खरे. रोज शंभर वेळा मनाशी भांडण्यापेक्षा एकदाच नाही म्हणणे बरे. मात्र जो नियम वर्षानुवर्षे पाळता येईल, तोच करावा. बँटिंगसाहेबांनी आपले पथ्य वर्षभरानंतर टाकून दिले नाही, आणि ते टिकले म्हणून त्यांचे उतरलेले वजनही टिकले. आणि हो, मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल त्याने भात-पोळी एकाएकी सोडू नये. औषध तेवढेच राहिले तर रक्तातली साखर धोका होईल इतकी खाली जाते; आधी डॉक्टरांना विचारावे. वाढत्या वयाच्या मुलांना तर असल्या प्रयोगांपासून दूरच ठेवावे.

शेवटी या कथेतली एक गोष्ट, जी वजनाच्या आकड्यांपेक्षा मला मोठी वाटते. बँटिंगसाहेबांनी पुस्तिका का लिहिली? स्थूल माणसाला चारचौघांत, गाडीत, रस्त्यावर लोक जे टोमणे मारतात, ते किती लागतात हे त्यांनी त्या पुस्तिकेत मोकळेपणाने लिहिले आहे. या थट्टेला भिऊन त्यांनी सभा-समारंभ टाळले होते. राजांच्या अंत्ययात्रा ज्या घराण्याने मिरवल्या, त्या घरचा हा कर्ता पुरुष रस्त्यावरून चालताना लोकांच्या नजरा चुकवीत होता. तो आळशी नव्हता, अधाशी नव्हता. पहाटे उठून दोन तास नाव वल्हवणाऱ्याला आळशी कोण म्हणेल? त्याला फक्त वर्षानुवर्षे कोणी नीट सांगितले नव्हते, आणि ज्यांना ठाऊक होते त्यांनी ते आपल्यापाशीच ठेवले होते. चरकाच्या त्याच अध्यायात अतिस्थूल माणसाची गणना जगाने निंदिलेल्या आठ देहांत केलेली आहे. म्हणजे ही निंदाही काही आजची नाही.

आपल्याकडे ती निंदा लाडाच्या स्वरात होते, इतकेच. सणाला जमलेल्या मंडळींत एखाद्या मुलीच्या ताटाकडे पाहून मावशी-आत्या सहज म्हणून जातात, "आणखी एक लाडू? आधीच काय कमी आहे का?" आणि मग ती मुलगी सगळ्यांसमोर लाडू सोडते, दोन दिवस भात सोडते, आणि तिसऱ्या दिवशी दुपारी कोणी नसताना डब्यापाशी उभी राहून दुप्पट खाते. लाजेने सोडलेला पदार्थ लाजेनेच परत येतो. तिला टोमण्यापेक्षा त्या कानाच्या डॉक्टरसारखे कोणीतरी हवे असते. हार्वेंनी तक्रार ऐकून घेतली, थट्टा केली नाही, आणि काय खाऊ नये याबरोबर काय खावे हेही माप देऊन सांगितले.

बँटिंगसाहेब १८७८ साली, वयाच्या ८१ व्या वर्षी केन्सिंग्टनमध्ये वारले. सहासष्टाव्या वर्षी ज्यांना जिना पाठमोऱ्याने उतरावा लागत होता, त्यांना पुढे पंधरा वर्षांहून अधिक आयुष्य लाभले. पावानेच सारा घात केला होता, हे त्यांचे निदान पुढच्या शास्त्राने अर्धेच मान्य केले. पण आपल्याला जे कळले ते दुसऱ्या कोणा दुखावलेल्या माणसाच्या उपयोगी पडावे म्हणून त्यांनी स्वतःच्या पैशाने छापून वाटले. त्या वागण्यात मात्र आजवर कोणाला काही दुरुस्त करावे लागलेले नाही.